तुम्ही विचारलंत म्हणून: ॲनिमोनला ड्रिप किती तास?

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणारे मोजकेच. त्यामुळे कुणी नवं ॲनिमोन (दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) मागवलं की फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "दादा, ड्रिप किती तास लावू?" म्हणजे टँकचं पाणी नळीने थेंबथेंब पिशवीतल्या पाण्यात सोडून त्याला नव्या पाण्याची सवय लावणं. (उसाच्या ड्रिपबद्दल मला कुणी विचारत नाही, ते सगळ्यांनाच येतं.)

तासांत मी उत्तर देत नाही. उलट विचारतो, पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजलीस का? आपल्या टँकची १.०२५-१.०२६ (विशिष्ट घनतेच्या मापात) असते, दुकानात बऱ्याचदा त्याहून कमी ठेवतात. फरक मोठा असेल तर एअरच्या नळीला सैल गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, तासभर. किरकोळ असेल तर तेवढंही नको.

जास्त वेळ लावला तर जास्त चांगलं, असं अजिबात नाही. मुंबई-चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो. तोवर पाण्यातला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तापमान जुळेपर्यंत पिशवी बंदच तरंगू द्यावी, उघडल्यावर रेंगाळू नये आणि तिच्यातलं पाणी टँकमध्ये ओतू नये.

खरं काम त्याच्या आधीचं. टँक किमान सहा महिने मुरलेला हवा. घेताना ॲनिमोन उलटं करून तळवा, म्हणजे दगडाला चिकटतो तो खालचा भाग, बघा. तिथे फाटलेलं असेल तर सोडून द्या. तोंड घट्ट मिटलेलं हवं. पांढरंशुभ्र दिसलं की लोक भुलतात, पण ज्या शेवाळावर ते जगतं तेच अंगातून गेलेलं असतं. भडक पिवळं तर बऱ्याचदा रंगवलेलं निघतं. मळकट तपकिरी घ्या.

सोडताना पंप बंद करा, दगडाच्या खाचेशी तळवा टेकवा आणि हात काढून घ्या. ते चालणार. आवडली नाही जागा तर रात्रीत दुसऱ्या कोपऱ्यात जाईल. ओढून परत आणायचं नाही, तळवा फाटतो. वेव्हमेकरला (टँकमध्ये लाटा उठवणारा पंप) मात्र आधीच जाळी बसवा. त्यात अडकून चिंधड्या झाल्या तर सगळा टँक नासतो. पहिला आठवडा लाइट कमी. खाणं चार-पाच दिवस नाही, मग नखाएवढा कोळंबीचा तुकडा.

आणि एप्रिल-मेमध्ये मागवूच नका. आपल्याला पाणी २५-२६ अंशांवर हवं असतं आणि त्या दिवसांत चिलर नसलेला टँक सहज तिशीला टेकतो. पंखा लावला तर पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं, क्षारता चढते. रोज साधं आरओचं पाणी भरत बसावं लागतं, त्यात लाइट गेली की झालंच.

शेवटी हळूच विचारतात, "क्लाउनफिश त्यात कधी जाऊन बसणार?" क्लाउनफिश म्हणजे ॲनिमोनच्या आसऱ्याने राहणारा मासा. पण दुकानात मिळणारी त्याची नेहमीची जात, ऑसेलारिस, समुद्रात बबल टिप जातीच्या ॲनिमोनमध्ये राहतच नाही, त्याची ॲनिमोनं वेगळी. घरच्या टँकमध्ये कधी पहिल्याच दिवशी शिरतो, कधी वर्षभर हीटरशी लगट करत बसतो. त्याला काय वाटेल ते मी फोनवर कसं सांगू?