तुमच्या कॉन्व्हेंटात का नाही गेलात?

"मॅडम, एक विचारू? राग नका मानू."

इथवर ऐकलं की पुढचं मला पाठ असतं. प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत डबे उघडले की हमखास येणारा प्रश्न. तुम्ही ख्रिश्चन ना? मग तुमच्या कॉन्व्हेंटात का नाही गेलात? झेडपीच्या शाळेत तुम्हाला अवघड नाही जात, सरस्वतीपूजन, नारळ, आरती? विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वाकडं काही नसतं. मीही "अहो, चालतं सगळं" म्हणून भाजी पुढे सरकवते. पण परवा तुम्ही दोनदा विचारलंत आणि तोवर भाजीही संपली होती. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगते.

आधी कॉन्व्हेंटचं. तिथे नन असतात, इंग्रजी असतं आणि फी असते. ह्या तिन्हींशी आमच्या घराचा कधी संबंध आला नाही. मी नगरकडची मराठी ख्रिस्ती. (जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण तोंडात नगरच येतं.) आमची मंडळी प्रॉटेस्टंट, आमच्या चर्चमध्ये नन नाहीतच. बायबल मराठीत, भजनं मराठीत, भांडणंही मराठीत. आजोबा मिशनच्या खेड्यातल्या शाळेवर मास्तर, वडील झेडपीत गुरुजी. मी डी.एड. करून २००१ साली शिक्षणसेवक म्हणून लागले, महिना ३,००० रुपये मानधनावर. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढायचा हक्क दिलाय, हे खरं. पण तो संस्था काढणाऱ्यांचा. मला त्यातून नोकरी मिळत नाही. आणि मिळाली असती तरी मी मराठी शाळेतच आले असते. हे मात्र कुणाला सांगत नाही, कारण कुणाला खरं वाटत नाही.

माझ्या आडनावावरून काही कळत नाही. वसईकडच्या शिक्षकांचं वेगळं, परेरा किंवा डिसोजा म्हटलं की समोरचा जपून बोलायला लागतो. आमच्याकडे गायकवाड, साळवे, शिंदे हीच आडनावं. त्यामुळे नव्या शाळेवर रुजू झाले की पहिले काही महिने लोक माझ्यासमोर मोकळं बोलतात. एका शाळेत चहाच्या वेळी वस्तीवरच्या चार ख्रिस्ती घरांचा विषय निघाला. एक गुरुजी म्हणाले, "पोटासाठी बाटलेली माणसं ती." मी कप खाली ठेवला, परत उचलला, बोलले काहीच नाही. डिसेंबरात मी "नाताळला माहेरी जाणार" म्हणाले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यानंतर ते माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले की अवघडायची पाळी माझ्यावर आली.

ह्याला जोडूनच दुसरा समज असतो, की आम्हाला मिशनचंही मिळतं आणि सरकारचंही. मिशनचं काय मिळतं ते मला अजून कळलेलं नाही. सरकारचं सांगते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींत धरले ते हिंदूच. १९५६ साली शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती झालेला दलित अजून बाहेर आहे, महाराष्ट्रात त्याला ओबीसीत धरतात. गावात मात्र त्याची जात कुणी विसरलेलं नसतं.

आता सरस्वती. आमच्या शाळेत पाटीवर सरस्वती सगळ्यात छान मला काढता येते. एकाचे आकडे तिरपे जोडत न्यायचे, दोन्ही अंगांना उतार सारखा पडला पाहिजे आणि प्रत्येक एकाची गाठ सुटी दिसली पाहिजे. मुलं घाईत गाठी एकमेकींत घुसवतात आणि मग ती सरस्वती न राहता काटेरी झुडूप होतं. मी पहिलीत असताना बाईंनी माझा हात धरून गिरवून घेतली होती. दसऱ्याच्या आधी पाटीपूजनाला फळ्यावर मीच काढते, पोरं बघून पाटीवर उतरवतात, मुली झेंडूची फुलं वाहतात. मी हात जोडत नाही. बाजूला उभी असते, पोरांच्या चपला रांगेत लावते आणि उदबत्तीची काडेपेटी माझ्याकडे असते. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

नारळाचं तसं नाही. एका शाळेत पहिल्याच वर्षी मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर नारळ माझ्या हातात ठेवला, "मॅडम, तुमच्या हस्ते." मानानेच दिला होता. नको म्हणावं तर अपमान, फोडावा तर मन तयार नाही. शेजारी खिचडी शिजवणाऱ्या मावशी उभ्या होत्या. मी नारळ त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "मावशी, रोज पोरांना जेवायला घालता, मान तुमचा." मावशींनी पदर खोचला आणि एका फटक्यात फोडला. त्या विधवा होत्या. शाळा व्यवस्थापन समितीतल्या दोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्या नारळ मी नाकारला म्हणून नव्हत्या, तो मावशींनी फोडला म्हणून. पुढच्या वर्षी मुख्याध्यापकांनी नारळ स्वतःच फोडला. माझी अडचण मिटली, मावशींचा मान गेला. ह्याचं काय करायचं ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

कायदा म्हणाल तर तो माझ्या बाजूने आहे. घटनेचं कलम २८ सांगतं, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. नाशिककडच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडली होती. तो मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि २०१३ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं. पण निकाल घेऊन दुसऱ्या दिवशी त्याला परत त्याच शिक्षकखोलीत डबा उघडायचा होता. माझ्यात ती धमक नाही, आणि काडेपेटी धरून भागतंय तोवर मला कोर्टाची पायरी चढायचीही नाही.

तिकडे मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तपासणी उलटी. "प्रसाद खाता का हो तुम्ही?" असं आमच्यातल्याच एका वडीलधाऱ्यांनी उपासनेनंतर चर्चच्या दारात, चार लोकांत विचारलं. बायबलात पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आठव्या अध्यायात, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यावर सविस्तर लिहिलंय. मूर्ती म्हणजे काही नाही, तेव्हा खाल्ल्याने बिघडत नाही. पण तुझ्या खाण्याने कच्च्या मनाचा भाऊ अडखळत असेल तर जप. ह्या अध्यायातून ज्याला जे हवं ते सापडतं. आईने मात्र मला बायबलातलीच नामानाची गोष्ट सांगितली होती. अरामाचा सेनापती, कोडातून बरा झाला आणि इस्राएलाच्या देवाचा झाला. मग अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा राजा माझ्या हातावर भार देऊन रिम्मोनाच्या देवळात नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं देवाने माफ करावं. अलीशा त्याला एका शब्दाने बोलत नाही, सुखाने जा म्हणतो. मी तर वाकतही नाही, नुसती काडेपेटी धरते.

रविवारचं गाऱ्हाणं थोडक्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर कामं लावायची नाहीत. पण निवडणुकीचं काम सोडलंय त्यात, आणि बीएलओला, म्हणजे मतदारयाद्यांच्या कामाला लावलेल्या शिक्षकाला, सुट्टीचा दिवसच सोयीचा पडतो. शिष्यवृत्तीची परीक्षाही रविवारीच. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) सुट्टी मिळते, त्यापुढच्या पुनरुत्थानाच्या रविवारी (ईस्टरला) एका वर्षी निवडणुकीचं प्रशिक्षण लागलं. पहाटेची उपासना करून त्याच पांढऱ्या साडीत एसटी पकडली. हॉलमध्ये एक ओळखीचे सर म्हणाले, "काय मॅडम, कुठे लग्नाला?" असो, बीएलओचं काम सगळ्यांचाच रविवार खातं. माझ्या ओळखीचे एक शिक्षक अ‍ॅडव्हेंटिस्ट आहेत, त्या ख्रिस्ती पंथाचा शब्बाथ, म्हणजे उपासनेचा आणि विश्रांतीचा वार, शनिवारी. त्यांची तर दर शनिवारी सकाळची शाळा.

मग अवघड काय? तुम्ही विचारता तो नारळ नाही की आरती नाही. अवघड हे, की साधी माया करायची तरी मला मोजून करावी लागते.

तिसरीतली एक मुलगी. आईला दवाखान्यात ठेवलेलं, पोरगी मधल्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून रडत होती. मी जवळ घेतलं आणि माझ्या तोंडून गेलं, "रडू नको, मी तुझ्या आईसाठी प्रार्थना करीन." आमच्या घरात हे वाक्य सकाळ-संध्याकाळ असतं. त्याच दिवशी दुसऱ्या मॅडमनी तिला सांगितलं होतं, "मी देवीला बोलते हां, बरी होईल आई." दोघींनी एकच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी फाटकात तिघं उभे. वडील, चुलता आणि एक अनोळखी तरुण, मोबाइल छातीशी धरून चित्रीकरण चालू. "पोरीला काय शिकवता तुम्ही? प्रार्थना कसली?" वडील बिचारे रात्रभर जागलेले, ते नुसतेच उभे होते. बोलत होता तो मोबाइलवाला.

प्रकरण वाढलं नाही. मुख्याध्यापकांनी चहा पाजून त्यांना लावून दिलं आणि मला म्हणाले, "मॅडम, एक खुलासा देऊन ठेवा, दप्तरी असू द्या." मग त्या कागदावर 'प्रार्थना' लिहायचं की दुसरं काही, ह्यात आम्ही अर्धा तास घालवला. बाहेर परिपाठ चालू होता. प्रतिज्ञा झाली आणि मॉनिटर खणखणीत आवाजात ओरडला, "आता प्रार्थना होईल!" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. शेवटी 'सदिच्छा व्यक्त केल्या' असं लिहून मी सही केली. त्या सहीची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून हिशेब सुरू झाला. गैरहजर पोराच्या घरी एकटी जात नाही, सोबत कुणाला तरी नेते. वह्या द्यायच्या तर समितीमार्फत, माझं नाव कुठे येऊ न देता. नाताळनंतर शाळेत केक नेत नाही, करंज्या नेते. दिवाळीच्याच करंज्या, दोन महिने उशिरा आलेल्या. इतर शिक्षकांना असा विचार करावा लागत नाही, आणि मी करते हे त्यांना ठाऊकही नाही.

हा संशय अगदी हवेतून आलाय असं मी म्हणणार नाही. आजोबा आठवडाभर बाराखडी शिकवायचे आणि रविवारी त्याच खोलीत उपदेश करायचे. शाळा आणि उपासना एकाच छपराखाली होती, हे आम्ही नाकारून कसं चालेल? पण त्याच नगरात अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा पाहून जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात शाळा काढली. त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली छापला तो मिशनच्या ज्ञानोदय ह्या नियतकालिकाने, आणि ज्ञानोदय १८४२ साली नगरलाच सुरू झालेला. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, मुलींची भाषणं मीच लिहून देते. मिस फरारचं नाव त्यात घालत नाही. दुसऱ्या कुणी घातलं तर ती माहिती होते, मी घातलं की प्रचार होतो.

गेल्या पाटीपूजनाला पहिलीतला एक पोरगा गाठींपाशी अडला. त्याचा हात धरून मी चार एके काढून दिले. त्याने पाटी लांब धरून पाहिली.

"मॅडम, तुमच्या घरी पण काढता सरस्वती?"

"नाही रे."

"मग तुम्हाला कशी येते?"

"मला माझ्या बाईंनी शिकवली."

त्याला ते पटलं. शर्टाच्या बाहीने पाटीचा एक कोपरा पुसून तो पाचवा एक स्वतःच काढायला बसला.