जुनी ओमेगा घेताना आधी डायल बघा

1960 च्या दशकातल्या ओमेगाच्या सीमास्टर घड्याळाची डायल कोरी करकरीत दिसली तर सावध व्हा. मुंबईच्या जुन्या बाजारात पुन्हा रंगवलेल्या डायली भरपूर फिरतात. 10 पट भिंगातून सहाखालचं ‘स्विस मेड’ वाचा. मूळ छपाईला धार असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरं फुगीर, आणि मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. ‘टी स्विस मेड टी’ असेल तर खुणांवरची चमक ट्रिटियम या किरणोत्सारी द्रव्याची. त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे आज ती अंधारात उजळत राहणं शक्यच नाही; राहिली तर नंतर भरलेली. डागाळलेली पण मूळ डायल केव्हाही सरस.

मूळ प्लास्टिकच्या काचेच्या अगदी मध्यावर ओमेगाचं बारीक चिन्ह असतं, तिरप्या उजेडात दिसतं.

मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. आतलं यंत्र कॅलिबर 565 असेल तर 24 ज्वेल (घर्षण कमी करणारे खडे), तासाला 19,800 ठोके. पूर्ण चावी देऊनही टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या मशीनवर) अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे तोलचक्राचा झोका, 220 अंशांखाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. मशीनमध्ये लिफ्ट अँगल (प्रत्येक ठोक्याला तोलचक्र ढकललं जातं तो कोन) मात्र त्या कॅलिबरचाच टाका. मशीनच्या ठरलेल्या 52 अंशांवर सोडलात तर आकडा चुकतो. झाकणाच्या आत गोलाकार ओरखडे दिसले, तर रोटरचा, म्हणजे आपोआप चावी देणाऱ्या फिरत्या वजनाचा, आस झिजलाय.