तुम्ही विचारलंत म्हणून: रेगे कुठलं आणि डान्सहॉल कुठलं?

दोन्ही जमैकातले संगीतप्रकार. बॉब मार्ली म्हणजे रेगे आणि शॉन पॉल म्हणजे डान्सहॉल, इथवर बहुतेकांना ठाऊक असतं. पण मधलंच एखादं जमैकन गाणं लागलं की प्रश्न येतोच: हे कशात धरायचं, ओळखायचं कसं? गायकाचं नाव बघून ठरवायला गेलात तर फसाल. आवाज बाजूला ठेवा आणि ड्रम-बास ऐका. तेही हेडफोन लावून, कारण मोबाइलच्या स्पीकरवर बास जवळजवळ नाहीसाच होतो.

आधी रेगे. चार मात्रा मोजा. गिटारची तुटक ‘चक’ 2 आणि 4 वर येते. बास ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरचा ठोका दोन्ही मिळून 3 वर पडतात. आणि 1 वर? ड्रममध्ये काहीच नाही. समेवर थाप ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानाला हे भलतंच वाटतं. इथे समच मोकळी सोडलेली. हा ‘वन ड्रॉप’. मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट याच्या हातून तो जगभर पोचला. (कुणी अर्ध्या लयीत मोजतं, तेव्हा हाच ठोका 2 आणि 4 वर सापडतो. ठेका तोच.)

नवखा माणूस हमखास 3 लाच 1 समजतो. गंमत अशी की तसं मोजलं तरी गिटार 2 आणि 4 वरच येते, त्यामुळे चूक कळतच नाही. कॉर्ड (एकदम वाजणारा सुरांचा गट) कुठे बदलतो ते ऐका. बहुतेकदा तिथे 1 असतो. हौशी बँडमध्ये याचीच दुसरी बाजू दिसते: ड्रमरचा पाय सवयीने 1 वर पडतो आणि रेगेचं पाणी होतं. गिटारवाल्याची चूक वेगळी, तो तारा घुमू देतो. आघात झाला की डाव्या हाताची बोटं लगेच सैल करायची, पण तारांवरून उचलायची नाहीत. तेव्हा कुठे ‘चक’ कोरडी वाजते.

सगळं रेगे वन ड्रॉपच असतं असंही नाही. ‘स्टेपर्स’मध्ये बास ड्रम चारही मात्रांवर चालतो, मार्लीचं 1977 चं ‘एक्झोडस’ ऐका.

डान्सहॉल जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, 1970 च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आलं. ‘कीबोर्डवर केलेलं ते डान्सहॉल’ हे अर्धंच खरं आहे. बॅरिंग्टन लेव्ही, यलोमॅन यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डांवर रूट्स रॅडिक्स हा हाडामांसाचा बँड वाजतो, ठाय लयीत आणि जड. कलाटणी 1985 मध्ये मिळाली. वेन स्मिथच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’साठी कॅसिओ एमटी-40 या छोट्या कीबोर्डातला ‘रॉक’ नावाचा तयार ठेका लय उतरवून वापरला गेला. निर्माता प्रिन्स जॅमी, पुढचा किंग जॅमी. बास गिटार नाहीच! बँड बोलावल्याशिवाय हिट गाणं निघतं हे दिसल्यावर बाकीचे निर्माते कशाला थांबतील?

1990 च्या आसपास डान्सहॉलचा जो ठेका रुळला तो आठ मात्रांत मोजा: जोर 1, 4 आणि 7 वर, म्हणजे तीन-तीन-दोन. गिटारची ‘चक’ बहुतेकदा गायब. शब्बा रँक्सच्या ‘डेम बो’चा ठेका हाच; पुढे रेगेटॉन हे स्पॅनिश भाषेतलं नाचाचं संगीत त्याच्यावरच उभं राहिलं.

आता आवाजाकडे या. डेनिस ब्राउन, ग्रेगरी आयझॅक्स हे गायक. यू-रॉय, यलोमॅन, शब्बा हे डीजे, कारण जमैकात डीजे म्हणजे माइकवर लयीत बोलणारा. तबकड्या लावतो तो सिलेक्टर. दोन्हीच्या मधला तो सिंगजे, उदाहरणार्थ ईक-अ-माउस. पण डीजे दिसला की डान्सहॉल, असा हिशेब करू नका. यू-रॉय 1970 मध्येच गाजला होता, डान्सहॉलच्या बऱ्याच आधी.

‘सगळी गाणी सारखीच का वाटतात?’ हा याला जोडून येणारा प्रश्न. सारखी वाटतात कारण कित्येकदा खालचं संगीत खरोखर एकच असतं. त्या ड्रम-बासच्या साच्याला रिडिम म्हणतात. एका रिडिमवर दहा-वीस जण आपापलं गाणं बसवतात आणि कुणी त्याला चोरी म्हणत नाही. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनचं एक रिडिम तर चक्क ‘दिवाळी’ नावाचं आहे. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’, वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ आणि लुमिडीचं ‘नेव्हर लीव्ह यू’ लागोपाठ लावा. टाळ्यांचा ठेका तिन्हींत तोच. ‘गेट बिझी’ 2003 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लुमिडी तर जमैकाची नव्हे, न्यूयॉर्कची.

म्हणूनच ‘बुजू बँटन कशात मोडतो?’ याला एका शब्दात उत्तर नाही. 1992 चा त्याचा ‘मिस्टर मेन्शन’ हा अल्बम उघड डान्सहॉल. 1995 च्या ‘टिल शायलो’त मात्र रास्ताफारी या जमैकन धर्मपंथाचे ढोल आणि रूट्स रेगे (जुन्या वळणाचं रेगे) त्याच डान्सहॉलच्या शेजारी येऊन बसतात. तिथे प्रत्येक गाण्याला पुन्हा 1 पासून मोजायला लागा.