शून्यानंतरचा एक

२०१८ च्या पावसाळ्यातील एका शुक्रवारी सकाळी चाचणी विभागाकडून निरोप आला, की पंधरा दिवसांपूर्वी आम्ही सुटला म्हणून बंद केलेला बग पुन्हा दिसला आहे. मी तेव्हा पुण्यातील एका कंपनीत, नेटवर्कवरून वापरल्या जाणाऱ्या स्टोरेज यंत्राच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या कोडवर, काम करत होतो. आठ कोअरचा आर्म प्रोसेसर, त्यावर लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, ४.९ ही आवृत्ती आणि तिला जोडलेला आमचा स्वतःचा जुना कोड, असा तो सगळा संसार होता. दुरुस्ती माझी असल्यामुळे निरोपही माझ्याच नावाने आला होता.

यंत्राला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक क्लायंटसाठी ड्रायव्हर एक सेशन ऑब्जेक्ट, म्हणजे त्या जोडणीची मेमरीतील नोंद, तयार करत असे. पॅकेट स्वीकारणारा, डिस्कवर लिहिणारा आणि मुदत संपलेली कनेक्शन साफ करणारा असे निरनिराळे थ्रेड (समांतर चालणारी कामे) तो एकाच वेळी वापरत, म्हणून त्यात रेफरन्स काउंट, म्हणजे सध्या किती जण तो वापरत आहेत याचा आकडा, ठेवलेला होता. वापरण्यापूर्वी प्रत्येकाने तो एकाने वाढवायचा, काम झाले की एकाने कमी करायचा, आणि ज्याच्या हातून तो शून्यावर येईल त्याने लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला यादी हाताळू देणारे कुलूप) घेऊन सेशनला यादीतून काढायचे व मेमरी परत करायची. क्लायंट वारंवार जोडले आणि तोडले गेले की मात्र यंत्र मध्येच कोसळे. स्लॅबची, म्हणजे कर्नलच्या मेमरी-वाटपाची, तपासणी चालू ठेवलेल्या कर्नलमध्ये, कोसळतेवेळच्या प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी६बी असा आकडा दिसे. या तपासणीत कर्नल मोकळी केलेली मेमरी ६बी या बाइटने भरून ठेवतो, त्यामुळे परत केलेल्या जागेला कोणीतरी हात लावत आहे एवढे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. कोण, हे कळत नव्हते. लॉगमध्ये छापणारी एखादी ओळ घातली की वेळेचे गणित बदले आणि बग दिसेनासा होई.

माझी पहिली दुरुस्ती मला त्या वेळी निर्दोष वाटली होती. यादीत सेशन शोधणारे फंक्शन लॉक घेई, क्रमांक जुळला की काउंट वाढवी आणि पॉइंटर, म्हणजे सेशनचा मेमरीतील पत्ता, परत देई. काउंट आधीच शून्य झालेले, पण अजून यादीतून न निघालेले सेशन त्याच्या हाती लागू शकते हे माझ्या लक्षात आले होते. म्हणून काउंट शून्यापेक्षा मोठा असेल तरच वाढवावा, अशी अट मी घातली. दिवसातून तीन-चार वेळा कोसळणारे यंत्र दोन आठवडे नीट चालले. आज त्याकडे पाहताना वाटते, की यापेक्षा ते दुसऱ्याच दिवशी पुन्हा कोसळले असते तर बरे झाले असते, कारण मी दोष घालवला नव्हता, फक्त दुर्मीळ केला होता.

आमच्या गटातील सर्वांत ज्येष्ठ सहकारी त्या दुरुस्तीचा पॅच घेऊन माझ्या शेजारी बसले. त्यांनी अट एकदा वाचली आणि विचारले, "तू काउंट वाचतोस आणि मग वाढवतोस. या दोन्हींच्या मध्ये तो कमी करायला दुसऱ्याला लॉक लागतो का?"

लागत नव्हता. आमच्या कोडमध्ये काउंट म्हणजे साधा ॲटॉमिक पूर्णांक (ज्यावरची प्रत्येक क्रिया मध्ये न तुटता पूर्ण होते असा) होता आणि तो लॉक न घेताच कमी केला जाई. लॉक लागे तो शून्य झाल्यानंतर, यादीतून काढण्यासाठी. म्हणजे शोधणारा थ्रेड एक ही किंमत वाचतो, तेवढ्यात दुसऱ्या कोअरवरील थ्रेड तिचे शून्य करून लॉकसाठी थांबतो, शोधणारा त्या शून्याचा पुन्हा एक करतो आणि निश्चिंतपणे लॉक सोडतो. थांबलेल्या थ्रेडने मात्र आपला निर्णय आधीच घेतलेला असतो आणि तो काउंटकडे पुन्हा पाहत नाही. पंगतीतला शेवटचा माणूस उठला म्हणून पान उचलायला वाकलेल्या वाढप्याला, त्याच पाटावर कोणी नव्याने येऊन बसल्याचे दिसूच नये, तसा हा प्रकार होता.

हा केवळ तर्क राहू नये म्हणून वाचणे आणि वाढवणे यांच्या मध्ये आम्ही मुद्दाम दोन मिलिसेकंदांचा विलंब घातला आणि कासान हे मेमरीच्या चुका पकडणारे कर्नलचे साधन चालू करून कर्नल पुन्हा बांधला. दोन आठवडे ज्याची वाट पाहिली ते आता मिनिटभरात घडले. कासानच्या अहवालात मेमरी कोणी मागितली, कोणी परत केली आणि नंतर तिला कोणी स्पर्श केला हे तिन्ही क्रम ओळीने छापलेले होते, आणि ते आमच्या तर्काशी तंतोतंत जुळत होते.

उपाय कर्नलमध्ये तयार होता. काउंटसाठी केरेफ हा कर्नलचा तयार रेफरन्स काउंट वापरायचा आणि शोधताना, शून्य नसेल तरच वाढवणारे त्याचे फंक्शन बोलवायचे. तेथे वाचणे आणि वाढवणे अशा दोन पायऱ्या नसतात. वाचलेली किंमत अजून तीच असेल तरच नवी लिहिली जाते, नाहीतर पुन्हा वाचावी लागते, आणि शून्य आढळल्यास रेफरन्स मिळत नाही. काउंट शून्य असलेल्या ऑब्जेक्टमध्ये डोकावणे तरी सुरक्षित कसे, हा प्रश्न मी विचारला. मेमरी परत करणाऱ्याला आधी यादीचा लॉक घ्यावाच लागतो, आणि तो लॉक शोधणाऱ्याच्या हातात असेपर्यंत ती जागा कोठेही जात नाही, हे त्याचे उत्तर. काउंटचे रक्षण ॲटॉमिक क्रिया करते आणि मेमरीचे रक्षण लॉक करतो; मी पंधरा दिवस या दोन गोष्टी एकच समजत होतो.

दुपारी नवा पॅच लावून चाचणी सुरू केली आणि अर्ध्या तासात वेगळीच तक्रार आली. एका क्लायंटची दोन सेशन तयार होत होती. शोधणाऱ्याला मरणपंथाला लागलेले सेशन दिसे, रेफरन्स मिळत नसे, आणि तो तेथेच शोध थांबवून सापडले नाही असे कळवी. मग त्याच क्रमांकाचे नवे सेशन तयार होऊन यादीत त्याच्या मागे जाऊन बसे, आणि पुढच्या शोधालाही आधी ते जुनेच आडवे येई. क्रमांक जुळला पण रेफरन्स मिळाला नाही, तर यादीत पुढे पाहत राहायचे, एवढा एका ओळीचा बदल पुरला. खरे तर काउंट शून्यावर येण्याची शक्यता असेल तेव्हाच लॉक घेऊन तो कमी करण्याची सोयही कर्नलमध्ये आहे, आणि इनोड, म्हणजे फाइलची कर्नलमधील नोंद, सोडताना कर्नल स्वतः तीच पद्धत वापरतो. ती घेतली असती तर यादीत शून्य काउंटचे सेशन कधी दिसलेच नसते. आज तो कोड लिहायचा झाला तर मी तीच घेईन.

सहकाऱ्यांनी चहा घेताना आणखी एक गोष्ट दाखवली. आम्ही सुरुवातीपासून केरेफ वापरला असता, तर ४.९ मध्येही शून्याचा एक होताच कर्नलने लॉगमध्ये इशारा दिला असता. २०१७ मध्ये आलेल्या ४.११ या आवृत्तीत तर यासाठी रेफकाउंट हा स्वतंत्र प्रकारच आला. २०१६ च्या जानेवारीत कर्नलच्या कीरिंगमध्ये, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात, याच्या उलट टोकाची चूक उघड झाली होती. तेथे काउंट वाढतच राहून पुन्हा शून्यावर येत असे आणि वापरात असलेला ऑब्जेक्ट मोकळा होत असे. रेफकाउंट अशा वेळी एका ठरावीक किमतीवर गोठतो. मेमरी वाया जाते, पण दुसऱ्याच्या हाती लागत नाही.

विलंबाची ओळ तशीच ठेवून चाचणी सोमवार सकाळपर्यंत चालू ठेवली, आणि यंत्र एकदाही कोसळले नाही. मधल्या वेळात मी संपूर्ण ड्रायव्हरमध्ये, काउंट आधी वाचून मग वाढवणाऱ्या जागा शोधल्या. त्या आणखी तीन निघाल्या. दोन जुन्या होत्या. तिसरी त्याच वर्षी मार्चमध्ये मी लिहिलेली होती.