तारे सोडलेस म्हणे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. चवथीला माटोळी बांधताना विचारलंत, म्हार्दोळच्या जत्रेत विचारलंत, फोंड्याहून पणजीला जाताना कदंबाच्या बसमध्ये उभ्याउभ्या विचारलंत : "बाय, तारे सोडलेस म्हणे? मग इतकी वर्षं शिकलीस ती फुकट?" विचारणाऱ्याच्या मनात वाकडं नसतं, हे कळतं मला. बसमध्ये मी हसून "तसं नाही हो" म्हणते, कारण खरं उत्तर बाणस्तारीचा पूल येईपर्यंत संपत नाही.

आधी एक गैरसमज. तारे कसे जन्मतात यावर मी संशोधन करायचे, पण रात्र-रात्र दुर्बिणीला डोळा लावून बसत नव्हते आणि तारा जन्मताना मी पाहिलेला नाही. कोणीच नाही. सूर्याएवढा तारा आकसत आकसत आतल्या हायड्रोजनवर नीट पेटेपर्यंत काही कोटी वर्षं जातात. तारे ज्यातून होतात ते वायू-धुळीचे वेगवेगळ्या वयाचे ढग आणि कोवळे तारे बघून आम्ही त्यांचा क्रम लावतो, बस. ते ढग उणे २६३ अंशांच्या आसपास असतात. इतक्या थंडीत त्यांतला हायड्रोजन रेडिओ दुर्बिणीला काही सांगत नाही, म्हणून कार्बन मोनॉक्साइडकडून आणि धुळीकडून माहिती काढावी लागते. माझा दिवस संगणकासमोर जायचा, आणि दिवसातला निम्मा वेळ गोंगाट, म्हणजे मोजमापात मिसळलेले निरर्थक चढउतार, वेगळा काढण्यात.

माझा प्रश्न साधा होता : तारे इतके हळू का होतात? आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी साधारण एका-दोन सूर्यांइतका वायू ताऱ्यांत जातो. गुरुत्वाकर्षणाला मोकळं रान असतं तर हा वेग शंभरपट तरी असता. कोणीतरी अडवतंय. वायूची खळबळ अडवते, नवजात ताऱ्यांचे वारे आणि प्रकाश अडवतात, चुंबकीय क्षेत्रही अडवतं. कोण किती, यावर अजून भांडणं चालू आहेत. मी चुंबकीय क्षेत्र घेतलं. ते थेट दिसत नाही. पण धुळीचे लांबट कण त्याच्या दिशेशी जुळवून घेतात आणि त्यांच्याकडून येणाऱ्या लहरी ध्रुवित असतात, म्हणजे एका ठरावीक दिशेत जास्त थरथरतात. चंद्रशेखर आणि फर्मी या शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये दाखवलं की या दिशा किती विस्कटल्यात यावरून क्षेत्राची ताकद काढता येते. कपडे वाळत घालायची दोरी ताठ असली की वाऱ्यात कमी हलते, सैल असली की जास्त. तसंच. फक्त इथे वारा किती (वायूची खळबळ) आणि दोरी किती जड (वायूची घनता), हेही अंदाजानेच घ्यावं लागतं.

आता ती मुलाखत. संस्थेचं नाव सांगणार नाही, शोधूही नका. कायमची जागा होती आणि एकच होती. मी वृषभेतल्या एका ढगाचा नकाशा दाखवला, कृत्तिका-रोहिणीच्या बाजूचा, पृथ्वीपासून साधारण ४५० प्रकाशवर्षं. त्यावर क्षेत्राच्या दिशांच्या बारीक रेघा. शेवटी ताकदीचा आकडा, आणि त्याच्यापुढे अधिक-उणे. समितीतले एक ज्येष्ठ म्हणाले, "हा दुप्पट चुकू शकतो असं तुम्हीच लिहिलंय."

"हो सर. बहुतेकदा जास्तच निघतो."

"मग पाच वर्षांनी उत्तर मिळेल याची खात्री?"

"खात्री नाही. पण नाही मिळालं तर का मिळालं नाही, ते सांगता येईल."

कोणीतरी हसलं. कुत्सितपणे नव्हे, कौतुकाने हसल्यासारखं वाटलं मला, आणि मी सुखावलेही. मग दुसऱ्या गृहस्थांनी माझा अर्ज उलटला. "गोवा. गोव्याची माणसं परत जातात हो. घरी कोण असतं?"

"आई."

"एकटीच?"

"हो."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. माझ्याआधी आत गेलेल्या मुलाला मी नंतर विचारलं. त्याचेही आईवडील गावी एकटेच असतात. त्याला घरचं कोणी विचारलं नव्हतं. त्या लिहून घेतलेल्या ओळीत काय होतं, मला आजतागायत माहीत नाही. तिच्यावर मी जितका विचार केलाय तितका माझ्या प्रबंधातल्या कुठल्याही ओळीवर केला नसेल. नकाराच्या पत्रात कारण नव्हतं. नसतंच.

तेव्हाची मी अजून म्हणते, खरं तेच बोललीस. मी तिला म्हणते, खरं बोलायला कोण नको म्हणतंय, पण आकडा ठणकावून सांगायचा आणि अधिक-उणे तळटीपेत टाकायचं, सगळे तेच करतात. ती म्हणते, मग तू हे काम करूच नकोस. नाहीच करत आहे, बाई.

आणि सगळं खापर त्या टेबलावर फोडलं तर तेही लबाडीचं होईल. त्याआधी दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या करारांवर देश बदलत होते. दरवेळी नवा कुकर घ्यायचा, निघताना कुणाला तरी देऊन टाकायचा. आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. जूनच्या पावसात आले आणि परत गेले नाही. शेवटचा करार संपल्याचा ईमेल आला तेव्हा मला हलकं वाटलं. हे आईलाही सांगितलेलं नाही. आणि जुलै २०२२ मध्ये वेब अंतराळ दुर्बिणीची पहिली चित्रं आली, तुम्ही सगळ्यांनी "तुझे तारे!" म्हणून मला व्हॉट्सअॅपवर पाठवलीत, तेव्हा मी फोन पालथा घालून ठेवला. तेही खरं.

आता पणजीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. सीटी स्कॅनला क्ष-किरण कमी वापरले की चित्रात गोंगाट वाढतो. दिसणारी सावली खरी की गोंगाट, हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. हे ऐकलं की तुमचा चेहरा उजळतो : "बघ, वाया नाही गेलं!" हे मला 'फुकट'पेक्षा जास्त टोचतं. हे काम येण्यासाठी वृषभेपर्यंत जायची गरज नव्हती, संगणकशास्त्राची पोरं माझ्याहून भराभर करतात. तो ढग रुग्णालयाच्या उपयोगी पडला म्हणून चांगला नव्हता. तो कसा टिकून आहे हे कळायला हवं होतं, एवढंच.

तिथून एक सवय मात्र आली. आकडा द्यायचा तर तो किती चुकू शकतो हेही द्यायचं. डॉक्टर वैतागतात, "आहे की नाही ते सांगा." मी अधिक-उणे सांगते. इथे त्याचाच पगार मिळतो, ही गंमत तेव्हाच्या मला सांगावीशी वाटते. तिला हसू येणार नाही.

शेजारची मुलगी बीएस्सीला आहे, तिला हेच करायचंय. तिला मी सांगितलं : पायथन शीक, संख्याशास्त्र टाळू नकोस, इंग्रजीत स्वच्छ लिहायला शीक, आणि कुठेही गेलीस तरी करार किती वर्षांचा ते आधी विचार. तिच्या आईला म्हटलं, पाठवा, जरूर पाठवा. मग तिचे बाबा भेटले, त्यांना म्हणाले, जरा थांबा. आता दोघांनी एकमेकांना विचारलंय, आणि रविवारी दोघंही माझ्याकडे येणार आहेत.