तिसऱ्यांच्या रक्तपेशी : चौथा रविवार

अबईच्या बियांचा अर्क घातला की तिसरीच्या, म्हणजे खायच्या शिंपल्याच्या, रक्तपेशींचे गोळे होतात, असं तीन रविवार मी मोठ्या खुशीत वहीत लिहीत होते. ते सगळं खोडलं. या वेळी शेजारच्या काचेवर तेच रक्त नुसत्या गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवलं, तर तिथेही ५ मिनिटांत गोळे! शिंपल्यांचं रक्त आपल्यासारखं साकळत नाही. पेशीच एकमेकींना धरून जखम बुजवतात. अर्काची गरजच नव्हती.

म्हणून आता रक्त बर्फावर काढते. शिंपल्याच्या फटीत आगकाडी, मागच्या स्नायूत बारीक सुई, आणि लगेच थंड समुद्रपाण्यात दहापट पातळ. पेशी सुट्या राहतात.

अर्कही बाजूला ठेवला. एका मैत्रिणीकडून फ्लुओरेसिन (निळ्या उजेडात हिरवा चमकणारा रंग) जोडलेलं कॉन-ए, म्हणजे साखर धरणारं एक प्रथिन, थोडंसं मिळालं. ते जॅक बीनमधून काढतात, म्हणजे आपल्या अबईच्या चुलतबहिणीतून. सूक्ष्मदर्शकाला निळा एलईडी, पिवळी फिल्टर-काच, आणि खोलीत अंधार. एकदा बघून झालं की पुन्हा बघेपर्यंत दिवा बंदच ठेवा, फ्लुओरेसिन फार लवकर विझतं.

बर्फावर २० मिनिटं: प्रत्येक पेशीला सारखी, पातळ हिरवी कड. काच २९ अंशांच्या खोलीत आणली, तर ५ मिनिटांत कडेचे ठिपके झाले. कॉन-एच्या रेणूला साखर धरायच्या चार जागा असतात. पेशीच्या पटलावरच्या दोन वेगवेगळ्या प्रथिनांची मॅनोज नावाच्या साखरेची टोकं तो एकत्र बांधतो, आणि पटल तेलासारखं पातळ असल्याने बांधलेली टोळकी आपोआप जमतात. पुढचं मात्र आपोआप होत नाही, पेशी आतल्या ॲक्टिनच्या धाग्यांनी ती ओढते. त्याला ऊर्जा लागते, ऊब लागते. उंदराच्या लिम्फोसाइटवर (एक पांढरी रक्तपेशी) १९७१ साली हेच दिसलं होतं. तिथे मात्र सगळा ऐवज एका टोकाला टोपीसारखा जमतो. माझ्याकडे अशी टोपी ४० पैकी ७ पेशींत दिसली, त्याही गोल राहिलेल्या. काचेवर पसरलेल्या पेशींत २० मिनिटांनी कड रिकामी झाली आणि चमक केंद्रकाभोवती गोळा झाली.

पण ती चमक वर आहे की गिळलेली? यासाठी डी-मॅनोज वापरलं: पेशीच्या वर असलेलं कॉन-ए पेशी सोडून या सुट्या साखरेला धरतं आणि धुऊन जातं, गिळलेलं तसंच राहतं. औषधाच्या दुकानात त्याची पुडी मिळते. १०० मिलीत ३.६ ग्रॅम म्हणजे ०.२ मोलर. तुलनेला तेवढंच गॅलॅक्टोज, ही साखर कॉन-ए धरत नाही. चहाची साखर नको, तिच्यात ग्लुकोज असतं आणि कॉन-ए तिलाही थोडं धरतं.

५ मिनिटांच्या काचेवर मॅनोज सोडलं, तर ठिपके बहुतेक धुऊन गेले. गॅलॅक्टोजने काही हललं नाही. २० मिनिटांच्या काचेवर मात्र मधली चमक मॅनोजलाही बधली नाही. म्हणजे पेशीने ती गिळली असावी. किंवा वीण इतकी घट्ट झाली की मॅनोजला सोडवता आली नाही. पुढच्या रविवारी मॅनोज दुप्पट घेऊन बघणार आहे. तिसऱ्या उरल्याच, तर सुकं.