“भेगाच तर आहेत, बुजवून टाका ना!”

जुनी फियाट किंवा मॉरिस बाळगणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “स्टिअरिंगला भेगाच तर आहेत, बुजवून टाका ना, त्याला आठवडा कशाला?” आठवडा लागतोच म्हटलं की पुढचा प्रश्न: “मग नवीनच बसवू का?” तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींचं उत्तर एकदा नीट देतो.

त्या काळच्या बहुतेक स्टिअरिंगमध्ये आत स्टीलची गोल सळई आणि तिच्यावर कडक प्लॅस्टिकचा साचेबंद थर असतो. 40 सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगचा घेर सव्वा मीटर भरतो. तापमानात 50 अंशांचा फरक पडला, तर तेवढी मोकळी सळई पाऊण मिलिमीटर कमी-जास्त होते, आणि सेल्युलोज ॲसिटेट जातीचं प्लॅस्टिक सहा मिलिमीटरच्या आसपास. मे महिन्यात नागपुरात काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी आणि तिथलीच डिसेंबरची पहाट, यांत एवढं अंतर सहज असतं. थंडीत प्लॅस्टिकला आकसायचं असतं आणि आतली सळई त्याला आकसू देत नाही. त्यात त्याची लवचीकता टिकवणारी द्रव्यं इतक्या वर्षांत निघून गेलेली. मग ते फाटतं, आणि बहुधा स्पोकपाशीच, कारण तिथे ते जास्त जखडलेलं असतं.

म्हणूनच पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी (पुटी) यात चालत नाही. ती कडक असते, जुन्या प्लॅस्टिकला धरत नाही आणि एक उन्हाळा-हिवाळा गेला की त्याच रेषेवर सुटते.

स्टिअरिंग उतरवतानाच निम्मी स्टिअरिंग बिघडतात. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, पुढची चाकं सरळ करा, हॉर्नचं बटण आणि वायर सोडवा, शाफ्ट आणि हबवर (स्टिअरिंगचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) पंचने समोरासमोर खूण करा. नट सैल करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. नाहीतर पुलर (हब ओढून काढायचं अवजार) लावल्यावर हब सुटतो आणि स्टिअरिंग थेट तोंडावर येतं. शाफ्टवर हातोडी मारू नका: आटे चेपतात आणि धक्का खालच्या बेअरिंगला बसतो. दोन्ही हातांनी रिम हलवून ओढणं तर सर्वांत वाईट, कारण त्याने स्पोकपाशी नव्या भेगा पडतात.

आता ज्यावरून वाद होतो ते. केसाएवढी भेग आम्ही करवतीच्या पात्याने आणि तिकोनी कानशीने मुद्दाम मोठी करतो: वर पाच-सहा मिलिमीटर रुंद, खाली थेट सळईपर्यंत. इथे मालक हात धरतात. “अहो, होतं तेही घालवलंत!” त्यांचं वाईट वाटणं मला कळतं, पण केसाएवढ्या भेगेत इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं भरण) शिरत नाही. शिरलं तरी आत घामाचा, तेलाचा, पॉलिशचा थर असतो, त्यावर ते चिकटत नाही. आणि खाली सळई गंजलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे प्लॅस्टिकला आतून ढकलतो. तो न काढता वरून भरलं, तर तोच गंज भरलेलं बाहेर फेकणार. म्हणून सळई चकचकीत होईपर्यंत घासायची. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना नाण्याने टकटक करायची. पोकळ आवाज आला, तर तिथे प्लॅस्टिक सळईपासून सुटलंय. तेवढा तुकडा कापून काढायचा, भले दोन इंच जावो. हे मी कुणाच्या सांगण्यावरून कमी करत नाही. स्पोकचा जोडच गंजून तडकला असेल, तर काम तिथेच थांबवतो. ते स्टिअरिंग भिंतीवर लावा, गाडीत नको.

पुसायला थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका. हे प्लॅस्टिक त्यात विरघळतं. साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मळून भरायचं इपॉक्सी दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणात, रंग एकसारखा होईपर्यंत मळा, छोट्या गोळ्या दाबून भरा, एक-दोन मिलिमीटर वर उचललेलं ठेवा. निदान 24 तास हात लावू नका. मग 80, 120, 220, 400 नंबरचे पॉलिश पेपर, इपॉक्सी प्रायमर, हलके हात देऊन टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) पेंट. पेंट भट्टीत सुकवायचा नाही, जुनं प्लॅस्टिक वाकतं. आणि हातांचा घाम लागण्याआधी रंग पूर्ण कडक व्हायला हवा. आठवडा लागतो तो यात.

नवीन बसवायचं, तर 42 सेंटिमीटरच्या जागी 35 चं बसवल्यावर गाडी वळवायला वीस टक्के जास्त जोर लागतो. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना तो खांद्याला कळतो. शाफ्टच्या खाचांना जुळणारा बॉस, म्हणजे नवं स्टिअरिंग शाफ्टवर बसवणारा मधला तुकडा, लागतो. वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद करणारी खुंटी त्यावर नसेल, तर ती सोयही गेली. चोर बाजारातून जुनं आणलंत, तर सपाट काचेवर ठेवून रिम सगळीकडून टेकते का बघा. 2021 चे व्हिंटेज गाड्यांचे नियम चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांबद्दल आहेत, त्यामुळे स्टिअरिंगचा निर्णय तुमचाच.

पूर्वी मी ठाम होतो: मूळ प्लॅस्टिक शेवटच्या तुकड्यापर्यंत टिकवायचं. पण म्हातारं प्लॅस्टिक भरलेल्या भेगेशेजारी पुन्हा फाटू शकतं, हे खरं आहे. सगळं उतरवून त्याच सळईवर साच्यात नवं रेझिन ओतलं, तर रिम एकसंध होते. पण मालकाच्या वडिलांनी धरलेली ती रिम राहत नाही. माझं जुनं म्हणणं मला अजून सोडवत नाही. त्यामुळे एक-दोनच भेगा असतील तर मी भरतो. निम्मी रिम पोकळ वाजली, तर ओतायचं की नाही हे मालकाला विचारतो, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत कानस हातात घेत नाही.